दुर्बिणीने लघवीच्या मार्गाची तपासणी आणि उपाशीपोटाचा गैरसमज

सिस्टोस्कोपी म्हणजे मूत्रमार्गातून दुर्बिणीची नळी घालून मूत्राशय आतून पाहणं. ‘सिस्टोस्कोपी आहे ना, मग रात्रीपासून पाण्याचा थेंबही नको,’ हा सल्ला घरोघरी मिळतो. तो अर्धवट आहे. उपास लागतो तो भुलीसाठी, दुर्बिणीसाठी नव्हे.

पूर्ण भूल किंवा कमरेत इंजेक्शन देऊन तपासणी असेल, तर साधारण 6 तास अन्न बंद आणि साधं पाणी 2 तास आधीपर्यंत चालतं; नेमकी वेळ भूलतज्ज्ञ सांगतील ती. पण बाह्यरुग्ण विभागात लवचिक दुर्बिणीने होणाऱ्या तपासणीत मूत्रमार्गात फक्त बधिर करणारी जेली सोडतात. नळी जेमतेम 5-6 मिलिमीटर जाड. जेली मुरायला काही मिनिटं देतात, मग सलाईनने मूत्राशय फुगवून आतलं अस्तर पाहतात. यासाठी सहसा नाश्ता करून गेलं तरी चालतं. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उगाच उपाशी राहिलात, तर साखर घसरायची भीती. म्हणून तारीख घेतानाच विचारा: भूल कोणती?

खरी काळजी वेगळीच. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कुणी सांगितलं म्हणून परस्पर बंद करू नका. हृदयात स्टेंट बसवलेल्यांनी तर नाहीच. लघवीला जळजळ किंवा ताप असेल तर आधीच कळवा, कारण जंतुसंसर्ग असताना तपासणी बहुधा पुढे ढकलतात. आणि निघताना घाईघाईत लघवी करून जाऊ नका, तिथे नमुना मागतात!

नंतर एक-दोन दिवस थोडी आग, गुलाबीसर लघवी चालते. थंडी-ताप, रक्ताच्या गाठी किंवा लघवी तुंबली, तर तडक दवाखाना गाठा.