खेळण्यातल्या बंबावर खऱ्या दलाचे नाव

दुकानातून आणलेल्या खेळण्यातल्या बंबावर बहुतेक वेळा एकच शब्द असतो, 'फायर'. हा बंब कुठल्या शहराचा, कुठल्या केंद्रातला, त्याचा क्रमांक काय, याचा काही पत्ता नसतो. खरा बंब असा बिननावाचा कधीच नसतो. आग विझवण्याचे काम बहुतेक देशांत स्थानिक दलांकडे असते. त्यामुळे दलागणिक लाल रंगाची छटा बदलते, पट्टे बदलतात, दिव्यांची जागा, हेल्मेटचा रंग आणि दारावरच्या अक्षरांचे वळणसुद्धा बदलते. कारखान्याला मात्र एकाच साच्यातून लाखो नग काढायचे असतात. खेळण्यातला बंब घ्यायचा आणि तो एखाद्या खऱ्या दलाच्या बंबासारखा हुबेहूब करायचा, हा छंद यातूनच उभा राहिला.

सुरुवातीच्या खेळण्यांना 'तू कुठल्या दलाचा' असे कोणी विचारलेच नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत ओतीव लोखंडाचे, घोडे जोडलेले बंब विकले जात. पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरची हबली कंपनी (स्थापना १८९४) त्यांसाठी प्रसिद्ध होती. घोडे उधळलेले, गाडी लालभडक, एवढ्यावर मुले खूश असत. प्रमाणाचाही फारसा हिशेब नसे. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने १९३० च्या दशकात डिंकी नावाने जस्ताच्या मिश्रधातूतल्या छोट्या गाड्या काढल्या, त्यांत बंबही आला. १९५३ मध्ये लंडनच्या लेस्नी कंपनीने मॅचबॉक्सची मालिका सुरू केली, तिच्यात नवव्या क्रमांकावर डेनिसचा बंब होता. डेनिस ही बंब बांधणारी खरीखुरी ब्रिटिश कंपनी. माझ्या मते खरा फरक इथे पडला. खेळणे जोवर नुसता 'बंब' होते, तोवर प्रश्न नव्हता. ते 'डेनिसचा बंब' झाले आणि पुढचा प्रश्न आपोआप आला: डेनिसचा खरा, पण कोणाचा?

कंपन्यांनी अधूनमधून याचे उत्तर दिले. डिंकीने आपल्या लँड रोव्हर बंबाची आणि मेरीवेदर मार्क्विस या बंबाची एक आवृत्ती डेन्मार्कसाठी 'फाल्क' अशा अक्षरांनिशी काढली. १९०६ मध्ये सोफुस फाल्क यांनी सुरू केलेली ही खासगी सेवा तिथे आग आणि बचाव ही दोन्ही कामे करत असे. साचा तोच, बदलले ते वरचे रूप. छंदिष्टांनी पुढे हीच युक्ती घरच्या टेबलावर वापरली.

अक्षरांपलीकडे किती बारकावे असू शकतात, यासाठी शिकागोचे उदाहरण मला फार आवडते. तिथले बंब वरून काळे, खाली लाल. त्यावर डावीकडे लाल दिवा आणि उजवीकडे हिरवा. ही जहाजांची रीत. १९२० च्या दशकातले तिथले आयुक्त अल्बर्ट गुडरिच यांच्या घराण्याचा आगबोटींचा व्यवसाय होता, तिथून ती बंबांवर आली. याच शहरात १९५८ मध्ये आयुक्त रॉबर्ट क्विन यांनी सांध्यात दुमडणाऱ्या हातावर पाळणा बसवलेली गाडी आगीवर वापरायला घेतली. तिलाच पुढे 'स्नॉर्कल' म्हणू लागले, आणि १९६० च्या दशकात कॉर्गी या ब्रिटिश खेळणी कंपनीचा स्नॉर्कल बंब मुलांच्या हातात पडला. म्हणजे कल्पना शिकागोची, पण खेळणे ब्रिटिश वळणाचे. त्याला शिकागोचा करायचे तर छत काळे करावेच लागते, आणि तो इवलासा हिरवा दिवा विसरलात तर जाणकाराच्या नजरेतून सुटत नाही.

ब्रिटनमध्ये या छंदाला आणखी एक कारण मिळाले. १९४१ मध्ये युद्धाच्या धामधुमीत तिथली सगळी स्थानिक दले एका राष्ट्रीय दलात विलीन झाली आणि १ एप्रिल १९४८ रोजी पुन्हा स्थानिक प्रशासनाकडे गेली. नंतर १ एप्रिल १९७४ ला इंग्लंड आणि वेल्समध्ये स्थानिक प्रशासनाची फेररचना झाली, तेव्हा कित्येक शहरांची स्वतंत्र दले मोठ्या दलांत विरून गेली. बर्मिंगहॅमचे दल वेस्ट मिडलंड्समध्ये गेले. १९६० च्या दशकात बंब पिवळे रंगवण्याचा प्रयोग करणारे कव्हेंट्रीचे दलही तिथेच सामील झाले. ज्यांनी त्या दलांत उमेदीची वर्षे घालवली, त्यांच्या छातीवरचा बिल्ला आणि गाडीवरचे नाव एका दिवसात बदलले. असे गेलेले दल कारखाना कशाला काढेल? ते कोणीतरी हातानेच करावे लागते. म्हणून या छंदात निवृत्त जवान आणि त्यांची मुले-नातवंडे भेटतात, आणि निरोपाच्या दिवशी जवानाला त्याच्याच गाडीचे छोटे रूप देण्याची पद्धतही दिसते.

डायकास्ट म्हणजे साच्यात ओतलेल्या धातूच्या गाड्यांच्या संग्राहकांनी पुढे अशा कामाची वर्गवारी केली. कंपनीने काढले तसेच असलेले मॉडेल कोड १, कंपनीच्या संमतीने दुसऱ्याने बदललेले कोड २, आणि कोणालाही न विचारता स्वतःच्या हौसेने बदललेले कोड ३. बाजारात कोड ३ चे मोल ठरवणे अवघड असते, कारण सगळे करणाऱ्याच्या हातावर अवलंबून. पण खऱ्या दलांची सर्वांत विविध आणि सर्वांत नेमकी नोंद याच वर्गात सापडते, असे मी ठामपणे म्हणेन.

जर्मनीत गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. तिथे १:८७, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याएवढी, ही रेल्वे मॉडेलची मोजपट्टी रूढ होती आणि विकिंग, हेर्पा यांच्या प्लास्टिकच्या गाड्या त्याच मापात मिळत. प्रायझर कंपनी १९४९ पासून त्याच जगासाठी माणसांच्या प्रतिकृती बनवते, त्यांत अग्निशामक जवानही आले. गाड्यांचे रंगही आरएएल या प्रमाणित रंगांच्या तक्त्यातल्या क्रमांकाने ओळखले जातात: ३००० म्हणजे नेहमीचा बंबांचा लाल, ३०२४ म्हणजे चमकता लाल. रंगाची बाटली क्रमांक सांगून मिळते, डोळ्यांच्या अंदाजावर राहावे लागत नाही.

सगळ्यांची खरी अडचण होती पांढऱ्या अक्षरांची. लाल गाडीवर नाव पांढरे किंवा सोनेरी असते आणि घरगुती प्रिंटर पांढरा रंग छापतच नाही, तो कागदाचा पांढरा गृहीत धरतो. १९६० च्या दशकात लेट्रासेटची घासून उमटवायची अक्षरे आली, त्यांवर बरेच दिवस भागले. बोधचिन्ह मात्र बारीक कुंचल्यानेच काढावे लागे. १९९० च्या दशकात जपानच्या आल्प्स कंपनीचे प्रिंटर पांढरा आणि धातूसारखा रंग छापू लागले, तेव्हा एकेका केंद्राचे स्टिकर पाच-दहा नगांत काढणे शक्य झाले. ही पाण्यात सोडायची डिकॅल्स, म्हणजे पातळ छापील स्टिकर, लावणे हे निवांतपणे करायचे काम आहे. आधी गाडीवर चकचकीत लॅकरचा थर द्यायचा, कारण खरखरीत रंगावर डिकॅलखाली हवा अडकते आणि कडा चंदेरी दिसतात. मग तुकडा कोमट पाण्यात भिजवून ओल्या कुंचल्याने दारावर सरकवायचा आणि कप्प्यांच्या शटरच्या खाचांत तो बसावा म्हणून मऊ करणारे द्रावण लावायचे. तुकडा आधी सुरकुततो, पाहणाऱ्याचा जीव वरखाली होतो. हात लावायचा नाही. वाळता वाळता तो खाचेत ताणून बसतो, रंगवल्यासारखा.

दलांचे नियम बदलले की हे कामही बदलते. अमेरिकेतल्या अग्निसुरक्षा संघटनेच्या एनएफपीए १९०१ या बंबांच्या मानकाच्या २००९ च्या आवृत्तीने नव्या बंबाच्या मागच्या बाजूच्या किमान निम्म्या भागावर तिरके, आलटून-पालटून दोन रंगांचे परावर्तक पट्टे सांगितले, प्रत्येकी सहा इंच रुंद. १:६४ मध्ये सहा इंच म्हणजे सुमारे २.४ मिलिमीटर, १:८७ मध्ये पावणेदोन. सगळे पट्टे ४५ अंशांत आणि मधल्या रेषेवर अचूक मिळायला हवेत. त्याआधीच्या वर्षाची गाडी करत असाल तर कदाचित हे पट्टे नकोतच. म्हणून आधी साल ठरवायचे, मग रंगाला हात घालायचा.

माणसांच्या बाबतीत सगळा खेळ डोक्यावर आहे. लंडनच्या दलाचे प्रमुख एअर मॅसी शॉ यांनी १८६० च्या दशकात पॅरिसच्या धर्तीवर पितळी हेल्मेट आणले. पितळेतून वीज वाहते, हा धोका वीज घरोघर पोचल्यावर कळीचा झाला आणि १९३० च्या दशकात ते मागे पडले. अमेरिकेतल्या कातडी हेल्मेटला मागे लांब कड आणि पुढे तुकडीचा क्रमांक. फ्रान्सचे चंदेरी गॅले एफ-१ हेल्मेट १९८० च्या दशकातले. खेळण्यांतला १९७४ चा प्लेमोबिलचा आणि १९७८ चा लेगोचा छोटा माणूस जगभर एकाच चेहऱ्याचे निघाले, तरी हेल्मेट, अंगरखा आणि पट्ट्याचा रंग बदलला की दल बदलते. १:८७ मधला जवान जेमतेम २ सेंटिमीटर उंच असतो. त्याच्या बाहीवरचा परावर्तक पट्टा आखायला कुंचल्याचा एकच टोकदार केस पुरतो.

११ सप्टेंबर २००१ च्या दहशतवादी हल्ल्यानंतर न्यूयॉर्कच्या गाड्यांना वेगळाच अर्थ आला. त्या दिवशी दलाचे ३४३ जण गेले. लॅडर ३ या शिडीच्या तुकडीची चिरडलेली गाडी आज तिथल्या स्मारक संग्रहालयात आहे. त्या दिवशी बाहेर पडलेल्या तुकड्यांच्या गाड्या त्यांच्या नेमक्या क्रमांकानिशी करताना 'जवळपास तशी' चालत नाही, आणि चालूही नये. एफडीएनवाय हे तिथल्या दलाचे संक्षिप्त नाव न्यूयॉर्क शहराचे नोंदणीकृत व्यापारचिन्ह आहे, त्यामुळे अशी मॉडेल्स विकायला काढणाऱ्याला परवान्याचा विचार करावा लागतो.

अलीकडे थ्रीडी प्रिंटरमुळे शिड्या, पंपाचे फलक, दिव्यांच्या पट्ट्या घरी काढता येतात. पूर्वी असा एखादा भाग नसला तर मॉडेलच अडून राहायचे. तरी एक जुना नियम टिकून आहे: बंबाला मुद्दाम धूळ-गंजाचे डाग देऊ नयेत. केंद्रात परतल्यावर जवान गाडी धुऊन पुसून ठेवतात. टायरच्या कडा आणि पायऱ्यांचा घासलेला पत्रा एवढे दाखवले तरी पुरे.