आधी मे महिना, मग बाकीचं वर्ष

आमच्याकडे लोक झाडं आणायला जातात ते मृगात. दोन पाऊस पडले की नर्सरीत गर्दी होते, आणि त्या दिवशी जे झुडूप फुललेलं असेल तेच घरी येतं. मीही कितीतरी वर्षं हेच केलं. पोळ्याला अंगण भरलेलं असायचं आणि होळीनंतर उघडं पडायचं. एका जुलैत हौसेने एक्झोराची पाच रोपं लावली, पुढच्या जूनपर्यंत त्यातलं एकही राहिलं नाही. तेव्हापासून मी झुडपं उलट्या टोकाने निवडते. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत तापलेल्या नऊ दिवसांत, जे तग धरेल आणि फुलेलही, ते आधी ठरवायचं.

मे महिन्यात विदर्भात पारा 45 अंशांवर जातो, चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे कधीकधी त्याच्याही पुढे. अशा दुपारी कण्हेरीचं एक पान तोडून उलटं करून पाहा. मधल्या शिरेपासून कडांकडे गेलेल्या बारीक समांतर शिरा दिसतील आणि त्यांच्या मधेमधे फिकट ठिपके. साध्या भिंगाखाली कळतं, की ते ठिपके म्हणजे खळगे आहेत आणि प्रत्येक खळग्यात मऊ लव आहे. पानाला श्वास घ्यायला लागणारी पर्णरंध्रं या खळग्यांच्या आत लपलेली असतात. बाहेर कितीही झळा वाहू देत, खळग्यातली हवा हलत नाही, दमट राहते आणि पानातलं पाणी सहजासहजी उडून जात नाही. वरून पानाला जाड मेणचट साल. म्हणून बाकी अंगण मान टाकतं तेव्हा कण्हेर गुलाबी फुलांनी लदलेली असते. शेळ्याही तिला तोंड लावत नाहीत, आणि गावात ही गोष्ट लहान नाही.

पण शेळी ती खात नाही, कारण कण्हेर विषारी आहे. मूळ, पान, फूल, सगळंच. तिच्यातलं ओलिअँड्रिन थेट हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतं आणि पान वाळलं तरी विष जात नाही. छाटलेल्या फांद्या गोठ्याजवळ, कुटारात (गुरांच्या भुशात) किंवा चुलीत जाता कामा नयेत. घरात रांगतं मूल असेल तर कण्हेर लावूच नका, असं मी स्पष्ट सांगते. पिवळ्या कण्हेरीचंही तेच. तिच्या बिया तर फारच घातक.

अशा घरांसाठी बोगनवेल आहे. तिचं गुपित पाण्यात आहे, म्हणजे पाण्याच्या टंचाईत. भरपूर पाणी आणि खत मिळालं की ती नुसती पानं आणि लांबलचक फोक काढत राहते. ताण बसला की रंगते. ज्याला आपण तिचं फूल म्हणतो त्या तीन कागदी पाकळ्या खरं तर पानंच असतात. खरी फुलं म्हणजे त्यांच्या आतल्या तीन बारीक नळ्या, टोकाशी पांढरट. या रंगीत पानांतला किरमिजी रंग बिटाच्या रंगाच्या कुळातला आहे, जास्वंदीच्या लाल रंगाशी त्याचं नातं नाही. विहिरीचा तळ दिसू लागतो त्या दिवसांत फुलणारं झुडूप मला आमच्या भागासाठी फार मोलाचं वाटतं.

मोगऱ्याची तऱ्हा वेगळी. त्याच्या कळ्या नव्या फुटीवर येतात. म्हणून जानेवारीत पाणी तोडायचं, महिनाअखेरीस छाटणी करायची, मग शेणखत घालून पाणी सुरू करायचं. मार्चपासून कळ्या दिसू लागतात. त्या उमलतात संध्याकाळी, कारण हे फूल रात्रीच्या पतंगांसाठी आहे. पांढरा रंग आणि वास, अंधारात पोचायला एवढंच कामी येतं.

आता माझा एक्झोरा का मेला, ते. मला वाटायचं उन्हाने. उन्हाने शेवटचा घाव घातला, पण तो आजारी जानेवारीपासूनच होता: कोवळी पानं पिवळी, त्यांच्या शिरा मात्र हिरव्या. हे लोहाच्या कमतरतेचं लक्षण. आपल्या काळ्या मातीत लोह भरपूर असतं, पण चुनखडीमुळे तिचा सामू (आम्ल-अल्कता मोजणारा आकडा, पीएच) 8 च्या आसपास जातो आणि तेवढ्या अल्कधर्मी मातीत लोह विरघळत नाही. मुळांसमोर ताट वाढलेलं, पण घास उचलता येत नाही. कोकणातल्या आम्लधर्मी तांबड्या मातीत हेच झुडूप मजेत राहतं. शिवाय काळी माती पावसात फुगते, मुळांना हवा मिळू देत नाही. उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि बारीक मुळं तोडते. जास्वंदीलाही हा त्रास होतो, पण मुरूम आणि शेणखत घातलेल्या उंचवट्यावर ती निभावते.

पावसाळ्याची चिंता करावी लागत नाही. तगर असतेच. कुंती कोरड्या ओढीनंतर पाऊस आला की एकदम फुलते आणि सगळी गल्ली घमघमते. पारिजातक मध्य भारताच्या कोरड्या रानांतलाच आहे, तो श्रावणापासून थंडीपर्यंत पहाटे सडा घालतो.

हिवाळ्यातल्या काही फुलांचं घड्याळ मात्र रात्रीच्या लांबीवर चालतं. 1920 मध्ये गार्नर आणि अ‍ॅलर्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी तंबाखूच्या एका वाणावरून दाखवलं, की फुलणं दिवसाच्या लांबीवर अवलंबून असतं. नागपूरच्या अक्षांशावर जूनमधला आणि डिसेंबरमधला दिवस यांत सुमारे अडीच तासांचा फरक पडतो. शेवंती आणि पॉइनसेटिया तो मोजतात. रात्र पुरेशी लांबली की कळ्या धरतात. आमच्या फाटकाजवळ खांबावर एलईडी दिवा लागला, त्या वर्षी पॉइनसेटियाची दिव्याकडची बाजू हिरवीच राहिली आणि भिंतीकडची लालभडक झाली. झाडाच्या लेखी त्या बाजूला रात्र झालीच नव्हती. आता ती कुंडी मागच्या सांदवाडीत असते. जिथे दिवा टाळता येत नाही तिथे कोरांटी लावावी. काटेरी पिवळी असेल तर शेळ्यांचाही प्रश्न मिटतो.

घाणेरी फुलते बारमाही, म्हणून काही जण ती कुंपणाला मागतात. मी कधीच देत नाही. 19 व्या शतकाच्या सुरुवातीला शोभेचं झुडूप म्हणूनच ती भारतात आली. पक्ष्यांनी बिया नेल्या आणि आज जंगलंच्या जंगलं तिने व्यापली आहेत, खालचं गवत दडपून.

एवढं करूनही माझ्या अंगणात एक फट राहायची: कोरांटी संपलेली, मोगरा सुरू व्हायचा, मधे फेब्रुवारी-मार्च. ती धायटीने भरली. मेळघाटात डोंगरउतारांवर ती सहज दिसते. मे महिन्यात दोन फुटांचा खड्डा तापू दिला, मुरूम घातला, मृगात रोप लावलं आणि पहिले दोन उन्हाळे शेजारी मातीचं मडकं पुरून त्यातून पाणी दिलं, वर कुटाराचा थर. यंदा तिसऱ्या वर्षी पानं विरळ झाली आणि फांद्या लाल नळ्यांनी भरल्या. हा लाल रंग पाकळ्यांचा नाही, निदलपुंजाच्या, म्हणजे पाकळ्यांबाहेरच्या वेष्टनाच्या, नळीचा, म्हणून फूल सरलं तरी रंग बरेच दिवस टिकतो. नळीच्या तळाशी मध असतो. सकाळी सात वाजता जांभळा शिंजीर येतो, फांदीला उलटा लटकतो, आणि एकेक नळी तपासत खालून वर जातो.