ट्रॅकसाठी जुनी स्पोर्ट्स कार घेण्यापूर्वी : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

“गाडी पाहून ठेवली आहे, टोकनही दिले आहे, आता तुम्ही फक्त एकदा नजर टाका,” अशा आशयाचे फोन आमच्या पुण्याच्या गॅरेजमध्ये जवळजवळ दर आठवड्याला येतात. टोकन दिल्यानंतर केलेल्या तपासणीचा ग्राहकाला फारसा उपयोग होत नाही, कारण दोष सापडला तरी पैसे अडकलेले असतात आणि मन त्या गाडीत त्याहून अधिक अडकलेले असते. म्हणून जे आम्ही फोनवर पुन्हा पुन्हा सांगतो ते येथे एकदा सविस्तर लिहीत आहोत.

आपल्याकडे जुन्या दोन आसनी स्पोर्ट्स कार मोजक्याच आहेत. त्यामुळे आमचे ग्राहक बहुधा २००३ पर्यंत विकली गेलेली पहिल्या पिढीची होंडा सिटी व्हीटेक, फियाट पॅलिओ १.६ किंवा चाकणच्या कारखान्यात तयार झालेली फोक्सवॅगन पोलो यांबद्दल विचारतात. तिन्ही गाड्या ट्रॅकवर, म्हणजे शर्यतीसाठी बांधलेल्या बंदिस्त मार्गावर, मनापासून आनंद देणाऱ्या आहेत. सिटी हलकी आहे आणि तिचे इंजिन वरच्या आरपीएमला खुलते, पण तिचे आणि पॅलिओचे पार्ट शोधण्याची तयारी हवी. पोलो जीटी टीएसआयच्या १.२ लिटर मॉडेलला ड्राय क्लचचा (तेलात न बुडवलेल्या क्लचचा), आपोआप गिअर बदलणारा सात गिअरचा डीएसजी गिअरबॉक्स आहे, जो ट्रॅकवर सतत वापरला की तापतो. त्यामुळे पोलोच घ्यायची असेल तर २०२० पासूनची १.० टीएसआय मॅन्युअल शोधावी, असे आम्ही सुचवतो.

आता त्या चुकीबद्दल, जिच्यात ग्राहकाचे पैसे आणि आमचे दिवस जातात. ती म्हणजे आधीच कोणीतरी ‘बिल्ट’ केलेली, म्हणजे वेगासाठी मूळ रचना बदललेली, गाडी घेणे. जाहिरातीत रिमॅप (इंजिनाच्या संगणकाची बदललेली सेटिंग), एक्झॉस्ट, कॉइलओव्हर (उंची बदलता येणारे सस्पेन्शन), मोठा इनटेक (इंजिनात हवा घेणारा भाग) अशी यादी असते आणि एवढा खर्च आयता मिळतो आहे असे वाटते. पण हे काम कोणी केले, कसे केले आणि मूळ पार्ट कुठे गेले, याचे उत्तर विक्रेत्याकडे सहसा नसते. गेल्या पावसाळ्यात अशीच एक सिटी आमच्याकडे आली. तिचे इंजिन गरम झाले की गाडी मध्येच बंद पडत असे. डॅशबोर्डखालचे आवरण काढले तेव्हा कंपनीच्या वायरिंगला बाहेरून तीन रिले जोडलेले दिसले. फ्युएल पंपाची वायर कापून, नुसती पिळून, वर साधी सेलोटेप गुंडाळली होती आणि ती टेप उष्णतेने वितळून बोटांना चिकटत होती. ती वायर सापडायला चार दिवस लागले आणि पूर्ण वायरिंग मूळ स्थितीत आणायला अकरा. त्या अकरा दिवसांच्या मजुरीत त्याच गाडीचे चारही शॉकअप आणि सगळे बुश (सस्पेन्शनच्या जोडांमधले रबरी भाग) नवे झाले असते, ही गोष्ट आम्हांला आजही खटकते.

कायद्याची बाजूही पाहावी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत मनाला येईल तसे बदल करता येत नाहीत. चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक असो वा कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे, दोन्ही पुण्याहून हजार किलोमीटरहून अधिक दूर आहेत. रस्त्यावर नेता न येणारी गाडी प्रत्येक वेळी ट्रेलरवर घालून न्यावी लागेल, तर मूळ स्थितीतली गाडी तुम्ही स्वतः चालवत नेऊ शकता. आरसीची मुदत, पंधरा वर्षे झाली असल्यास पुनर्नोंदणी, परराज्यातली गाडी असल्यास एनओसी आणि कर्ज फिटले असले तरी आरसीवर राहून गेलेली बँकेची नोंद, एवढे टोकनआधीच तपासावे. नेहमीच्या विमा पॉलिसीत शर्यत आणि वेगचाचणीसाठीचा वापर वगळलेला असतो, हेही ध्यानात असू द्यावे.

पॉवर वाढवण्याआधी ब्रेक आणि कूलिंग, हा आमचा आग्रह अनेकांना जुनाट वाटतो. त्यामागचा हिशोब साधा आहे. एक टनाची गाडी ताशी १२० किलोमीटरवरून ६० वर आणताना सुमारे ४०० किलोज्यूल उष्णता तयार होते. एक लिटर थंड पाणी उकळीला आणायला याहून कमी लागते. ट्रॅकवर हे एकाच फेरीत अनेकदा घडते. डॉट ४ ब्रेक ऑइल नवे असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ते हवेतला ओलावा शोषते आणि पुरेसे पाणी शोषल्यावर हीच हमी १५५ अंशांवर येते. मग ऑइल उकळून वाफ होते, पेडल मऊ पडून खाली जाते आणि समोर वळण असते. शहरात पाच वर्षे बिनतक्रार चाललेले ऑइल तिसऱ्या फेरीत असा धोका देऊ शकते. म्हणून नवे ब्रेक ऑइल, चांगले पॅड, स्वच्छ रेडिएटर, नवे होज आणि टायरवरची निर्मितीची तारीख पाहिल्याशिवाय आम्ही रिमॅपचे काम हाती घेत नाही.

व्हॉट्सअॅपवरचे फोटो पाहून आम्ही मत देत नाही, याबद्दल काहींची नाराजी आहे. अप्रन (बॉनेटखालचे बाजूचे पत्रे) आणि पिलर (छत पेलणारे खांब) ठोकून सरळ केले आहेत का, चेसिसला वेल्डिंग झाले आहे का, चाकाला खालून धरणाऱ्या लोअर आर्मचे बुश फाटले आहेत का, हे गाडी लिफ्टवर घेतल्याशिवाय कळत नाही. चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन (आतला दाब) मोजून त्यांतला फरक पाहावा लागतो. या तपासणीला सुमारे तीन तास लागतात आणि “ही गाडी घेऊ नका” असे उत्तर निघाले तरी आम्ही तिचे शुल्क घेतो, कारण खरे काम तेच असते. तपासलेली गाडी घेऊन पहिली सर्व्हिस आमच्याकडे केल्यास हे शुल्क त्या बिलातून वजा होते. सोबत मिळणारा लेखी अहवाल विक्रेत्याशी भाव करताना बहुतेकांना उपयोगी पडला आहे.

तपासणीची वेळ दोन दिवस आधी ठरवावी आणि येताना आरसीची प्रत व सर्व्हिसची जुनी बिले आणावीत. गाडी आदल्या रात्रीच आमच्याकडे आणून ठेवावी, म्हणजे सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना पहिला सेल्फ आम्हांला मारता येईल. थंड इंजिनाचा पहिला आवाज आणि त्या क्षणी सायलेन्सरमधून येणारा धूर, या दोन गोष्टी विक्रेत्याने गाडी गरम करून आणली की कायमच्या हातून जातात.