३३०६ देव, आणि मग एक

देव किती, हा प्रश्न बृहदारण्यक उपनिषदात जनक राजाच्या सभेत निघाला होता. विचारणारा विदग्ध शाकल्य, उत्तर देणारा याज्ञवल्क्य. पहिले उत्तर आले ३३०६. शाकल्य म्हणाला, बरोबर, पण खरोखर किती? ३३. बरोबर, पण खरोखर? मग सहा, तीन, दोन, दीड आणि अखेर एक. दीड म्हणजे वाहणारा वारा, एक म्हणजे प्राण, तेच ब्रह्म. या संवादात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो शाकल्याचा दर वेळचा होकार. शेवटी एक उरतो, पण आधीचा कोणताच आकडा खोटा ठरत नाही. ३३ देवांची तर याज्ञवल्क्य मोजदादही देतो: आठ वसू, अकरा रुद्र, बारा आदित्य, इंद्र आणि प्रजापती.

विचार याहून जुना आहे. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातल्या १६४व्या सूक्तात इंद्र, मित्र, वरुण, अग्नी अशी नावे घेऊन म्हटले आहे, ‘एकं सद्विप्रा बहुधा वदन्ति’. सत् एकच, जाणते त्याला नाना नावांनी बोलतात.

तरीही थोर कोण, शिव की विष्णू, हा वाद शतकानुशतके चाललाच. बदामीच्या पहिल्या लेण्यात, सहाव्या शतकात, कारागिरांनी हरिहर कोरला: अर्धे अंग शिवाचे, अर्धे विष्णूचे. स्मार्तांच्या, म्हणजे स्मृतिग्रंथ प्रमाण मानणाऱ्यांच्या, पंचायतन पूजेत शिव, विष्णू, देवी, सूर्य आणि गणपती एकाच ताम्हनात बसतात. ज्याचे जे इष्टदैवत ते मधोमध, बाकीचे चार भोवती. बाहेर कोणी जात नाही. या पूजेचे श्रेय परंपरा शंकराचार्यांना देते.

महाराष्ट्रात हे ऐक्य भक्तीच्या वाटेने घरोघरी पोचले. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी सांगणाऱ्या ज्ञानदेवांची गुरुपरंपरा नाथपंथाची, आदिनाथ शिवापासून आलेली. आणि ओढ पंढरीच्या विठ्ठलाची. नरहरी सोनारांची कथा तर कीर्तनात आजही रंगते. कट्टर शैव असल्याने विठ्ठलाचे तोंडही पाहायचे नाही, म्हणून डोळ्यांवर पट्टी बांधून ते त्याच्या कमरेचे माप घ्यायला गेले. हाताला व्याघ्रांबर लागले, गळ्यातला नाग लागला. घाईने पट्टी सोडली, तर समोर विटेवर विठ्ठल उभा. पुन्हा बांधली, तर हाताखाली शंकर.