घोडा विकत घेतल्यावर त्याचं नाव बदलता येतं का? पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाची पद्धत

व्यवहार झाला, घोडा तबेल्यात आला, आणि पासपोर्ट, म्हणजे घोड्याची ओळख आणि नोंदी असलेली पुस्तिका, उघडल्यावर कळलं की त्याचं नाव तबेल्यात मोठ्याने घ्यायलाही संकोच वाटेल असं आहे. कधी ते तीन शब्दांचं आणि उच्चारायला जड असतं, कधी आधीच्या मालकाच्या कंपनीचं, कधी नुसतंच विचित्र. मग प्रश्न पडतो की हे बदलायचं का, आणि बदलायचं तर अर्ज कुठे करायचा.

त्याआधी एक फरक ध्यानात घ्या. बहुतेक घोड्यांना दोन नावं असतात. एक कागदावरचं, ज्या नावाने त्याची नोंदणी, वंशावळ आणि स्पर्धांचे निकाल असतात. दुसरं हाक मारायचं. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ड्रेसाजचं, म्हणजे स्वाराच्या इशाऱ्यांवर घोड्याने केलेल्या शिस्तबद्ध हालचालींच्या स्पर्धेचं, सुवर्ण मिळवणारा व्हॅलेग्रो तबेल्यात 'ब्लूबेरी' होता. हाक मारायचं नाव तुम्ही आज संध्याकाळी बदललंत तरी कोणाची परवानगी लागत नाही. घोडा शब्दाचा अर्थ लावत बसत नाही. तो आवाज, त्याची पट्टी आणि त्यापाठोपाठ काय येतं ते ओळखतो. चारा-दाणा देताना, खरारा करताना तेच नवं नाव घेत राहिलात की तो त्या हाकेला कान टवकारायला लागतो. अट एकच: मोतद्दार, ट्रेनर आणि घरातली मुलं यांनी तीन वेगवेगळी नावं चालवू नयेत.

ज्यांना नाव फक्त जिभेवर बसत नाही म्हणून बदलायचं आहे, त्यांचं काम इथेच झालं. नाव बदललं की घोडा अपशकुनी ठरतो, असंही बरेच घोडेवाले मानतात. त्यावर माझं काही म्हणणं नाही. पुढचं सगळं कागदावरच्या नावाबद्दल.

नाव नेमकं कोणाकडे नोंदलंय?

गोंधळ होतो तो इथे. एकाच घोड्याची नोंद तीन ठिकाणी असू शकते. पहिली, तो जन्मला तेव्हाची जातीच्या स्टडबुकातली, म्हणजे वंशनोंदीच्या पुस्तकातली. दुसरी, पासपोर्ट देणाऱ्या संस्थेकडची. ती स्टडबुकवालीच असेल असं नाही. तिसरी, रेसिंग प्राधिकरण किंवा अश्वक्रीडा महासंघाकडची. एका ठिकाणी नाव बदललं म्हणजे बाकीच्या ठिकाणी आपोआप बदलत नाही.

स्पर्धांमध्ये 'हॅलो सँक्टोस' म्हणून गाजलेला उड्यांचा घोडा मूळचा 'सँक्टोस व्हान हेट ग्राव्हेनहॉफ'. मागे लागलेलं ते शेपूट त्याला जन्म देणाऱ्या स्टड फार्मचं. पैदासीच्या दुनियेत प्रसिद्ध असलेला स्टॅलियन कॉर्नेट ओबोलेन्स्की बेल्जियमच्या स्टडबुकात 'विंडोज व्हान हेट कॉस्टर्सव्हेल्ड' म्हणून नोंदला गेला होता. त्याची वंशावळ धुंडाळणाऱ्याला दोन्ही नावं माहीत असावी लागतात, नाहीतर एकच घोडा दोन घोडे वाटतो.

पासपोर्टवर देणाऱ्या संस्थेचं नाव छापलेलं असतं. पहिलं पत्र त्या संस्थेला. घोडा परदेशातून आलेला असेल तर जन्मदेशाच्या स्टडबुकचे नियमही पाहावे लागतात.

कोणाला बदलता येतं, कोणाला नाही

अर्ज नोंदणीकृत मालकच करू शकतो. पैसे दिले म्हणून तुम्ही नोंदणीत मालक होत नाही. आधी मालकीचं हस्तांतरण, मग नाव. इंग्लंडमध्ये तर खरेदीपासून ३० दिवसांच्या आत नव्या मालकाची नोंद पासपोर्टवर करून घेणं कायद्यानेच बंधनकारक आहे. घोडा भाडेकरारावर घेतला असेल तर नाव बदलायचा हक्क मूळ मालकाकडेच राहतो. भागीदारीत घेतला असेल तर सगळ्या भागीदारांच्या सह्या, किंवा एकाला दिलेलं मुखत्यारपत्र.

यापुढे घोड्याचा इतिहास आडवा येतो. अमेरिकेच्या जॉकी क्लबचा, म्हणजे शर्यतीच्या थरोब्रेड जातीची नोंद ठेवणाऱ्या संस्थेचा, नियम सरळ आहे: थरोब्रेड पहिल्या रेसमध्ये उतरेपर्यंत फी भरून नाव बदलता येतं, एकदा धावला किंवा पैदाशीला वापरला की सहसा परवानगी मिळत नाही. कारण उघड आहे. रेसचे निकाल, पैसे लावणाऱ्यांचा विश्वास आणि शिंगरांची वंशावळ या तिन्ही गोष्टी नावाला चिकटलेल्या असतात.

याला अपवाद आहेत. ऑस्ट्रेलियात 'बोहेमियन लिली' नावाने धावलेला घोडा हाँगकाँगला गेल्यावर 'वेर्थर' झाला आणि २०१६ ची हाँगकाँग डर्बी जिंकला. तिथे आयात घोड्यांना नवं नाव देण्याची पद्धतच आहे, जुनं नाव मात्र नोंदीत राहतं. म्हणजे घोडा ज्या प्राधिकरणाखाली धावणार, त्याचं पुस्तक उघडल्याशिवाय उत्तर मिळत नाही. अरबी घोड्यांच्या बाबतीत जागतिक संघटनेचा, म्हणजे वाहोचा, कल अगदी उलट: निर्यात प्रमाणपत्रावर जे नाव आहे तेच नव्या देशाच्या स्टडबुकात जसंच्या तसं उतरवायचं. तिथे अर्ज करून वेळ घालवू नका.

ज्या घोड्याची कुठेच नोंदणी नाही, त्याच्यासाठी हा सगळा प्रकार लागू नाही. त्याचा पासपोर्ट पहिल्यांदा काढताना अर्जावर लिहाल ते नाव.

नवं नाव कसं असावं

नाव नाकारलं जाण्याचं सर्वात साधं कारण म्हणजे लांबी. थरोब्रेडसाठी मर्यादा १८ अक्षरांची, आणि त्यात शब्दांमधली मोकळी जागा आणि चिन्हंही मोजली जातात. अमेरिकन क्वार्टर हॉर्स जातीसाठी २०. मोजणी रोमन लिपीतल्या स्पेलिंगची होते, त्यामुळे आपल्याकडे चार अक्षरांत मावणारं नाव तिथे बारा अक्षरं खातं. अर्ज भरण्यापूर्वी स्पेलिंग कागदावर मांडून मोजा.

जिवंत व्यक्तीचं नाव द्यायचं तर तिची लेखी संमती लागते. नुसती आद्याक्षरं, नुसते आकडे, रेसकोर्सचं नाव, जाहिरात वाटेल असं नाव, अश्लील किंवा कोणाचा अपमान करणारं नाव, ही सगळी सहसा बाद होतात. मोठ्या शर्यती जिंकलेल्या घोड्यांची नावं आंतरराष्ट्रीय संरक्षित यादीत असतात, ती पुन्हा वापरता येत नाहीत. ऐकायला सारखं वाटणारं नावही अडकतं, कारण समालोचकाला दोन घोडे वेगळे ओळखता आले पाहिजेत. म्हणून अर्जात एकाऐवजी दोन-तीन पर्याय पसंतीच्या क्रमाने द्या. पर्याय म्हणून पहिल्याच नावाचं स्पेलिंग बदलून लिहू नका, तिन्ही एकदम बाद होतील.

घोड्याच्या नावात स्टड फार्मचं नाव असेल तर ते काढायचं की ठेवायचं हा निर्णय फक्त तुमचा नसतो. ती पैदासकाराची ओळख असते, आणि काही स्टडबुकं ती काढू देत नाहीत. दुसऱ्याच्या फार्मचं नाव आपल्या घोड्याला जोडायचं असेल तर त्याची संमती हवीच. प्रायोजकाचं नाव पुढे लावायचं असेल तर आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघात, म्हणजे एफईआयमध्ये, व्यापारी नावांसाठी वेगळी नोंद आणि वेगळी फी असते.

आणि एक. डच वॉर्मब्लड या नेदरलँड्सच्या खेळाच्या घोड्यांच्या जातीच्या स्टडबुकात शिंगराचं नाव त्या वर्षाच्या ठरलेल्या अक्षराने सुरू होतं. २००० साली टी, २००१ साली यू, २००२ साली व्ही. टोटिलास, उथोपिया आणि व्हॅलेग्रो याच क्रमाने जन्मले. जाणकार नावावरून वय सांगतो. असं नाव बदललंत तर एक माहिती पुसली जाते, आणि पुढे विकताना गिऱ्हाईकाच्या मनात नसती शंका येते.

कागदपत्रं

संस्थेप्रमाणे थोडाफार फरक पडतो, पण फाइल साधारण अशी लागते:

- नाव बदलाचा भरलेला अर्ज, पर्यायी नावांसह
- मूळ पासपोर्ट किंवा नोंदणी प्रमाणपत्र. झेरॉक्स चालत नाही
- विक्रेत्याच्या सहीचं हस्तांतरण पत्र किंवा विक्री पावती
- मालकाचं ओळखपत्र. मालक कंपनी असेल तर सही करणाऱ्याचं अधिकारपत्र
- सहमालकांची संमती
- व्यक्तीचं किंवा फार्मचं नाव वापरत असाल तर त्यांचं संमतीपत्र
- पशुवैद्याने मायक्रोचिप वाचून दिलेला दाखला, आणि माता-पित्यांची खातरजमा झालेली नसेल तर डीएनए चाचणीचा अहवाल
- फी भरल्याची पावती

यातल्या चिपच्या दाखल्याकडे लोक दुर्लक्ष करतात, आणि अर्ज तिथेच अडतो. नाव बदलतं, चिप बदलत नाही; गाडीच्या चेसिस नंबरसारखंच ते. मानेच्या डाव्या बाजूला, अयाळीच्या खाली, मानेच्या मधल्या भागात ती टोचलेली असते. स्कॅनर फिरवला की १५ अंक दिसतात. ते पासपोर्टातल्या अंकांशी एकेक करून जुळवा. पासपोर्टात आणखी एक १५ अक्षरी क्रमांक असतो, घोड्याचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक. त्यातले पहिले तीन अंक देश सांगतात, पुढची तीन अक्षरं नोंद ठेवणारी संस्था, आणि उरलेली नऊ त्या जनावराची. हे दोन नंबर एकमेकांच्या जागी लिहिणं ही अर्जातली नेहमीची चूक.

मग चित्राचं पान काढा. घोड्याची दोन्ही बाजूंनी, समोरून आणि मागून काढलेली रेखाकृती तिथे असते. कपाळावरचा टिळा, नाकावरचा पट्टा, पायाचे पांढरे मोजे हे लाल शाईने, आणि केसांचे भोवरे काळ्या फुलीने दाखवलेले. हे पान घेऊन घोड्यासमोर उभे राहा. कपाळावरचा भोवरा डोळ्यांच्या रेषेच्या वर आहे की खाली, मानेवरचा अयाळीच्या कोणत्या बाजूला, मागच्या डाव्या पायाचं मोजं खुराच्या वर किती चढलंय, हे सगळं एकेक करून पाहा. पांढरा किंवा करडा घोडा असेल तर रंगापेक्षा भोवऱ्यांवर भर द्या, कारण त्याचा रंग वयानुसार उजळत जातो. काही जुळलं नाही तर नाव बदलाचा अर्ज बाजूला ठेवा आणि आधी विक्रेत्याला गाठा. नाव बदलून दुखापतीचा किंवा स्वभावाचा इतिहास लपवणं ही या धंद्यातली जुनी चलाखी आहे.

अर्जाचा क्रम

शक्य असेल तिथे हस्तांतरण आणि नाव बदल एकत्रच मागा. पासपोर्ट एकदाच पाठवावा लागतो आणि फीसुद्धा वाचू शकते. ऑनलाइन नाव तपासण्याची सोय असेल तर अर्जाआधीच पाहून घ्या की हवं ते नाव मोकळं आहे का. मग अर्ज, कागदपत्रं आणि फी. पासपोर्ट टपालाने पाठवताना प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा आणि पोच मिळेल अशाच पद्धतीने पाठवा. लसींच्या नोंदी त्यातच असतात. पासपोर्ट गहाळ झाला तर त्या पुन्हा उभ्या करणं फार कटकटीचं होतं.

अनेक देशांत पासपोर्ट सोबत नसेल तर घोडा प्रवास करू शकत नाही, म्हणजे तो संस्थेकडे अडकलेला असताना स्पर्धेला, पैदाशीला किंवा विक्रीला नेता येत नाही. स्पर्धेचे अर्ज भरून झाले असतील तर हंगाम संपेपर्यंत थांबा. आधीच जुन्या नावाने भरलेल्या प्रवेशिका नव्या नावाने करून घेणं हे वेगळंच काम होऊन बसतं.

मंजुरी मिळाली की जुनं नाव पुसलं जात नाही. बहुतेक नोंदींत ते 'पूर्वीचं नाव' म्हणून राहतं, आणि राहायलाच हवं.

मग बदलावं का?

मला विचाराल तर नियम असा ठेवावा: घोडा अजून कुठे उतरला नसेल, त्याला नोंदणीकृत शिंगरू नसेल आणि नाव खरंच खटकत असेल, तर पहिल्या स्पर्धेआधी बदलून टाका. घोड्याच्या नावावर चार निकाल असतील, आईबापाची ख्याती असेल, तर कागदावरचं नाव तसंच राहू द्या. ते निकाल म्हणजे तुम्ही मोजलेल्या पैशांचा निम्मा भाग असतो, आणि नवं नाव लावलंत की पुढच्या गिऱ्हाईकाला ते शोधून काढावे लागतात. पैदाशीची घोडी असेल तर तर अजिबात हात लावू नका. तिच्या शिंगरांच्या कागदांवर आईचं जुनं नाव छापलेलं असतं.

अर्ज फेटाळला गेला तर कारण लेखी मागा. लांबी किंवा सारखेपणाचं कारण असेल तर दुसरा पर्याय पाठवून काम होतं, कधी कधी पुन्हा फी न भरता. घोडा धावला आहे किंवा पैदाशीला वापरला आहे असं कारण असेल तर सहसा अपील करून हाती काही लागत नाही. मंजूर झालं तर पासपोर्ट परत आल्याच दिवशी नव्या नावाचं स्पेलिंग आणि चिपचे अंक तपासा, आणि त्याच आठवड्यात विमा कंपनी, पशुवैद्य आणि महासंघ या तिघांना नव्या पानाची प्रत पाठवा. विम्याच्या पॉलिसीवर एक नाव आणि पासपोर्टवर दुसरं असेल तर दाव्याच्या वेळी तो घोडा हाच, हे सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते.