फ्लॉइडकडे पाठ केलेला पोलीस आणि लाओसचे डोंगर

25 मे 2020 रोजी मिनिआपोलिसमध्ये डेरेक शॉविन या गोऱ्या पोलिसाचा गुडघा जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाच्या मानेवर होता. त्यात फ्लॉइडचा जीव गेला. तेव्हा बघ्यांना मागे रेटत एक पोलीस उभा होता. टू थाओ. हे आडनाव ह्मोंग समाजातलं (उच्चारताना ‘ह’ जवळपास ऐकूच येत नाही). तो व्हिडिओ जगभर फिरला आणि असा एक समाज आपल्या देशात राहतो, हे कित्येक अमेरिकनांना तेव्हा कळलं. वास्तविक या समाजाला तिथे आणलं होतं अमेरिकेच्याच युद्धानं.

ह्मोंग मूळचे दक्षिण चीनमधले. तिथून सरकत ते लाओस-व्हिएतनामच्या डोंगरांत आले आणि फिरती शेती करून राहिले. 1962 च्या जिनिव्हा करारानं लाओस तटस्थ ठरला. तिथे उघडपणे फौज उतरवणं अमेरिकेला शक्य नव्हतं. त्यामुळे सीआयएनं आधीच हाताशी धरलेल्या वांग पाओ या ह्मोंग सेनानीची गुप्त फौज वाढवत नेली. उत्तर व्हिएतनामी सैन्याला अडवायचं, पाडल्या गेलेल्या विमानांतल्या अमेरिकी वैमानिकांना सोडवून आणायचं, हे तिचं काम. मोठी माणसं मरत गेली तशी तेरा-चौदा वर्षांच्या पोरांच्या हाती बंदुका आल्या. 1964 ते 1973 या काळात लाओसवर 20 लाख टनांहून जास्त बॉम्ब पडले, आणि तरी हे युद्ध ‘गुप्त’!

मे 1975 मध्ये कम्युनिस्टांची सरशी झाली, तेव्हा लाओसमधल्या लाँग टिएंग या वांग पाओच्या तळावर विमानं आली ती वांग पाओ, त्याचे अधिकारी आणि त्यांच्या कुटुंबांपुरती. हजारो लोक धावपट्टीवरच राहिले. पुढे जे निघाले ते जंगल तुडवत, रात्री मेकाँग ओलांडून थायलंडला. तान्ह्या मुलांनी रडू नये म्हणून त्यांना अफू चाटवली. काही त्यातच दगावली. मग बान विनाईसारख्या छावण्यांत वर्षानुवर्षं वाट पाहणं.

अमेरिकेत ते कॅलिफोर्निया, विस्कॉन्सिन आणि विशेषतः मिनेसोटात मिनिआपोलिसला लागून असलेल्या सेंट पॉलमध्ये स्थिरावले. तिथे भाडं परवडेल अशा फ्रॉगटाउन भागात त्यांनी घरं घेतली. याला लागूनच रोंडो ही काळ्या लोकांची जुनी वस्ती होती. 1950-60 च्या दशकांत ती मधोमध चिरून महामार्ग काढला आणि शेकडो कुटुंबं उठवली. एकाच शहरात शेजारी शेजारी राहणारे हे दोन विस्थापित, पण त्यांच्यात लगेच गळामिठी झाली असं समजू नये. स्वस्त घरं, शाळा, नोकऱ्या यांवरून कुरबुरी होत्या. वर्णभेदाचे अमेरिकी धडे निर्वासितही चटकन शिकतात.

2006 मध्ये मिनिआपोलिसच्या पोलिसानं फाँग ली या 19 वर्षांच्या ह्मोंग मुलाला गोळ्या घालून मारलं. त्याच्याकडे पिस्तूल होतं, असं पोलीस म्हणाले. ते नंतर तिथे ठेवलं गेलं, असं घरचे म्हणाले. त्या पोलिसाला शौर्यपदक मिळालं. 2009 मध्ये ज्यूरीनंही त्याच्याच बाजूनं कौल दिला. या लढ्यात लीच्या घरच्यांसोबत काळे कार्यकर्तेही उभे राहिले होते.

आधीच्या कुरबुरी आणि ही साथ, दोन्ही मागे असल्यानं थाओच्या निमित्तानं 2020 मध्ये समाजात उभी फूट पडली. फ्लॉइडच्या मृत्यूनंतरच्या दंगलीत सेंट पॉलच्या युनिव्हर्सिटी अव्हेन्यूवरच्या दुकानांची नासधूस झालेले संतापले होते, तर तरुण पोरं फलक घेऊन मोर्चात होती. काहींच्या घरात जेवताना बोलणं बंद झालं. त्याच दिवसांत सेंट पॉलच्या विधानभवनापुढे काळ्या समाजाला पाठिंबा देण्यासाठी ह्मोंग लोक जमले. त्यांच्यात फाँग लीची आई होती.