कोणते ट्रिफिड्स पाहिलेत? १९८१ चे की २००९ चे?

जॉन विंडमची चालत्या विषारी झाडांवरची (तीच ट्रिफिड्स) १९५१ ची इंग्रजी कादंबरी ‘द डे ऑफ द ट्रिफिड्स’ वाचून संपवली आणि त्याच आठवड्यात तिच्यावरची मालिका पाहून टाकली. नागपुरात बर्डीवर मित्र भेटला. "काहून बे, कशी वाटली?" म्हटलं, बंडल. तो भडकलाच. चहा संपेपर्यंत भांडलो, तेव्हा कळलं की त्याने पाहिली ती १९८१ ची आणि मी पाहिली ती २००९ ची. नाव एक, कादंबरी एक, दोन्ही बीबीसीच्याच. मग जुनीही पाहिली.

ओळखायची खूण आभाळात आहे. हिरव्या उल्कांचा पाऊस पडतोय आणि सगळं जग कौतुकाने वर बघतंय, तर ती १९८१ ची, कादंबरीबरहुकूम. सूर्यावरच्या स्फोटाचा लखलखाट असेल तर २००९ ची. पुढे दोन्हीकडे तेच: बघणारे आंधळे होतात आणि इस्पितळात डोळ्यांना पट्टी बांधून पडलेला नायक बिल मेसन वाचतो.

नव्या मालिकेला वेळ कमी पडला, ही सबब चालणार नाही. जुनीचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे ६ भाग, नवीचे दीड-दीड तासाचे २. करा बेरीज.

फरक पडतो तो भीती कुठून येते यात. विंडमचं ट्रिफिड म्हणजे माणसाहून उंच वाढणारं, तीन बुटक्या पायांवर लंगडत चालणारं विषारी झाड. चाबकासारखा डंख मारतं आणि मेलेला माणूस सडायची वाट बघत शेजारी उभं राहतं. डोळस माणूस त्याला सहज चुकवेल. नाल्याकाठच्या बेशरमच्या झुडपाला कोण भितं? पण शहरात कुणालाच दिसत नसेल, तर तेच लंगडं झाड राजा होतं. जुनी मालिका हे धरून राहते. बुंध्याजवळच्या काड्यांची टक टक आधी ऐकू येते, झाड मागाहून दिसतं. त्या झाडात माणूस बसलेला असायचा आणि तो उकडू नये म्हणून मानेत पंखा बसवला होता. (नागपूरच्या मे महिन्यात कुलरच लागला असता.) २००९ ची ट्रिफिड्स संगणकातून आलेली, मुळं सरपटवत माणसाला ओढून नेणारी. दचकायला होतं, पण रात्री आठवत नाहीत.

माझा खरा राग नव्या मालिकेतल्या टॉरन्स या पात्रावर. कादंबरीत तो शेवटाकडे येतो आणि डोळस माणसाने किती आंधळे पोसायचे याचा हिशोब मांडतो. थंडपणे बोलतो म्हणूनच अंगावर काटा येतो. नव्या मालिकेत एडी इझार्डने रंगवलेला टॉरन्स विमानाच्या संडासात लाइफ जॅकेटं फुगवून अपघातातून वाचतो आणि लंडनचा मालक व्हायला निघतो. इझार्ड मजा आणतो, नाही कशाला म्हणू? पण ठरलेला खलनायक आला की चूक-बरोबरच्या कोड्यातून बाकीच्यांची सुटका होते. जुन्या मालिकेत कोकर नावाचा माणूस डोळसांना पकडून आंधळ्यांच्या टोळ्यांशी साखळीने बांधतो आणि अन्न शोधायला लावतो. तो चूक की बरोबर, मला अजून ठरवता आलेलं नाही. वर नवीत बिलला शास्त्रज्ञ बाप दिलाय, जो कादंबरीत शास्त्रज्ञ नाहीच. बाप-लेकाच्या रुसव्यात बराच वेळ जातो.

मित्राची एकच सूचना होती: जुनी लावशील तेव्हा कुलर बंद ठेव, नाहीतर टक टक ऐकू येत नाही.